गळकी गच्ची, दहा वर्षांची गॅरंटी आणि ग्राहक आयोग

3 डिसेंबर 2025 ला डिमांड ड्राफ्ट हातात पडला. गच्चीच्या कामाचा पहिला चेक मी दिला होता एप्रिल 2023 मध्ये. मधली अडीच वर्षं कशी गेली ते तारखांसकट लिहून ठेवते आहे. मी यातून जात असताना असं कुणीतरी लिहिलेलं फार शोधलं होतं. कायद्याची कलमं सगळीकडे मिळतात, पण काउंटरवर नेमकं काय मागतात, किती झेरॉक्स लागतात, मध्येच धीर सुटला तर काय करायचं, हे सापडत नव्हतं.

आमचं घर घाटाच्या पायथ्याच्या एका तालुक्याच्या गावात आहे. वडिलांनी 1994 मध्ये बांधलेलं, वर स्लॅबची गच्ची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, आई माझ्याजवळ असते. जुना कोबा तीस वर्षांचा होत आला होता, भिंतींना ओल यायला लागली होती, म्हणून पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं ठरलं. ठेकेदार ओळखीतल्या ओळखीतून आला. 900 चौरस फूट गच्ची, 140 रुपये फूट, एकूण 1 लाख 26 हजार. जुना कोबा पूर्ण उखडायचा, विटांचे तुकडे घालून नवा कोबा, कठड्याच्या कडेने वाटा (भिंत आणि गच्चीच्या सांध्यावरचा सिमेंटचा गोलावा), वर चायना चिप्स, म्हणजे फरशीचे चकचकीत तुकडे. त्याने लेटरहेडवर दहा वर्षांची गॅरंटी लिहून दिली, आईच्या नावाने.

तेव्हा माझ्याकडून दोन चुका झाल्या. त्या लिहिते, कारण त्यांची किंमत पुढे मोजावी लागली. 40 हजार चेकने दिले, 60 हजार बँकेतून वळते केले, आणि शेवटचे 26 हजार रोख दिले. पावती मागितली तर म्हणाला, "मॅडम, गॅरंटी दिलीय की, पावतीचं काय घेऊन बसलात." मी गप्प बसले. दुसरी चूक म्हणजे काम चालू असताना मी शाळेत होते. कोबा खरोखर उखडला की नाही हे ना मी पाहिलं, ना एक फोटो काढून ठेवला.

19 जुलै 2023. ही तारीख विसरणं शक्य नाही. त्या रात्री आईच्या खोलीत, बरोबर तिच्या पेटीवर, छतातून थेंब पडायला लागले. पेटीत वडिलांच्या हिशेबाच्या वह्या आणि त्यांचे शाळेतले फोटो होते. त्याच रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सकाळी टीव्हीवर ते दिसत असताना आपल्या गळक्या छतासाठी कुणाला फोन करायचं मनातच येईना. पुढच्या आठवड्यात केला. "उद्या माणूस पाठवतो." तो उद्या दीड महिन्याने, गणपतीच्या आदल्या आठवड्यात उजाडला. एक मुलगा आला, चिप्सच्या फटींमध्ये पांढरं सिमेंट भरलं आणि तासाभरात गेला. तीन दिवसांनी पुन्हा थेंब.

त्यानंतरचं वर्ष मी फक्त फोन करण्यात घालवलं. "पाऊस संपू दे, मग करू." "दिवाळी होऊ दे." "माणसं गावाला गेलीत." "माणूस निघालाय, पोचेल." एप्रिल 2024 मध्ये दोन मुलं एक दिवस येऊन कसला तरी लेप मारून गेली. 6 जुलैला, शनिवारी, सकाळची शाळा करून घरी आले तर आईच्या कॉटवर गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा पडलेला होता. आई त्या वेळी देवघरात होती. वर पाहिलं तर स्लॅबची गंजलेली सळई उघडी पडली होती. त्या दिवशी मी आईला आणि पेटीला हॉलमध्ये हलवलं आणि ठेकेदाराला फोन करणं बंद केलं. एवढा संताप मला आयुष्यात क्वचित आला असेल. तो माणूस उद्धट कधीच बोलला नाही. दर वेळी गोड बोलला, "टेन्शन घेऊ नका" म्हणाला. त्या गोड बोलण्यात माझं पूर्ण वर्ष गेलं होतं.

सोमवारी 1915 ला फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलतात. तक्रार नोंदवून क्रमांक दिला. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तिथून बरंच काम होतं, कारण अनेक कंपन्या त्या व्यवस्थेला जोडलेल्या आहेत. आमच्या ठेकेदाराला ईमेल गेला, उत्तर आलं नाही. तीन आठवड्यांनी हेल्पलाइनने कळवलं की आता जिल्हा ग्राहक आयोगात जा. तरी ती नोंद वाया गेली नाही. आपण आधी सामोपचाराने मार्ग काढायचा प्रयत्न केला हे दाखवायला तो क्रमांक पुढे जोडता आला.

ऑगस्टमध्ये मैत्रिणीच्या ओळखीने ग्राहक पंचायतीचं काम करणारे एक काका भेटले. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यात ही चळवळ सुरू केली तेव्हा देशात ग्राहक कायदाही नव्हता, तो 1986 मध्ये आला. त्या पिढीचं काम पुढे नेणारी अशी माणसं आजही गावोगावी बसलेली आहेत आणि एक पैसा घेत नाहीत. काकांनी माझी फाइल पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "पहिला थेंब कधी पडला?" मी तारीख सांगितली. त्यांनी कागदावर लिहिलं: 18 जुलै 2025. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगात जावं लागतं. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याचं सबळ कारण द्यावं लागतं. गॅरंटी दहा वर्षांची आहे म्हणून दहा वर्षं वेळ आहे असं समजून बसू नका, असं त्यांनी बजावलं. "बघतो, करतो" ऐकत आपण थांबतो तेव्हा ही मुदत चालूच असते, हे मला तोपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं.

वकील लागतोच असं नाही, हेही त्यांच्याकडूनच कळलं. 2019 चा कायदा जुलै 2020 पासून लागू झाला, त्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मोबदला, म्हणजे आपण कामासाठी दिलेले पैसे, 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत फी शून्य. गॅरंटी आईच्या नावाने आणि पैसे माझ्या खात्यातून गेलेले, म्हणून दोघींनी तक्रारदार व्हायचं ठरलं.

आधी नोटीस. कायद्याने ती सक्तीची नाही, पण द्यावी. मी साध्या मराठीत दीड पान लिहिलं: काम काय ठरलं, पैसे कसे दिले, कधी गळलं, कुणी काय आश्वासन दिलं, पंधरा दिवसांत दुरुस्ती करा किंवा पैसे परत करा. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवली. आठव्या दिवशी पाकीट परत आलं. पोस्टमनचा शेरा होता, "घेण्यास नकार". मला रडूच आलं, वाटलं सगळं तिथेच अडलं. काका म्हणाले, "ताई, हे पाकीट फोडू नका. जसंच्या तसं ठेवा." नाकारलेली नोटीस पोचली असंच सहसा धरलं जातं, आणि ते बंद पाकीट हाच पुरावा असतो.

खरी कलाटणी मिळाली ती इंजिनिअरच्या अहवालाने. गच्ची गळते हे आपण कितीही सांगितलं तरी कामात दोष होता हे जाणकाराने लिहून द्यावं लागतं. शेजारच्या तालुक्यातले एक निवृत्त स्थापत्य अभियंता 6 हजार रुपयांत तयार झाले. 21 सप्टेंबरला शनिवारी ते आले. आधी त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि अनवाणी सगळ्या गच्चीवर फिरले. मग हातोडीच्या दांड्याने चिप्सवर ठोकत गेले. मधोमध आवाज भरीव येत होता, कठड्याच्या कडेला मडक्यासारखा पोकळ. जिथे पोकळ, तिथे खडूने गोल. पंचेचाळीस मिनिटांत अर्धी गच्ची खडूच्या गोलांनी भरली. मग पाण्याच्या पाइपचं तोंड चिंध्यांनी बंद करून चार इंच पाणी साठवलं. खाली आईच्या खोलीत छतावर त्यांनी पेन्सिलने जुन्या डागांची कड आखून ठेवली आणि शेजारी तारीख, वेळ लिहिली.

सोमवारी सकाळी आले तेव्हा डाग पेन्सिलीच्या रेघेबाहेर वीतभर सरकला होता. पाणी सोडलं तर सगळं पाइपाकडे गेलंच नाही, कोपऱ्यात डबकं राहिलं. ढाळच उलटा होता. शेवटी त्यांनी माझ्या परवानगीने कोपऱ्यात फूटभर चौकोन फोडला. चिप्सखाली जेमतेम दीड इंच माल, आणि त्याखाली 1994 चा काळा पडलेला जुना कोबा जागच्या जागी. उखडलाच नव्हता. विटांच्या तुकड्यांचा पत्ता नाही. कठड्याला वाटा म्हणून नुसती सिमेंटची रेघ ओढलेली. मी त्या खड्ड्याशेजारी बसून राहिले. आई खालून विचारत होती, "काय निघालं गं?" तिला काय सांगावं कळेना. प्रत्येक टप्प्याचा फोटो, शेजारी मोजपट्टी, असा चौदा पानांचा अहवाल आणि सोबत त्यांचं प्रतिज्ञापत्र मिळालं.

तुमच्यापैकी कुणी या वाटेने जाणार असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, दुरुस्ती करायच्या आधी हे करून घ्या. एकदा दुरुस्ती झाली की मूळ दोष दाखवायला काही उरत नाही.

14 ऑक्टोबर 2024 ला ई-दाखिल या ग्राहक आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार भरली. तक्रार अर्ज, तारीखवार घटनाक्रम, प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांची यादी आणि कागदपत्रं. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याशिवाय नुसते प्रिंट पुढे अडचणीचे ठरतात. ठेकेदाराचे "माणूस निघालाय" असे एकोणीस मेसेज होते, सगळे लावले. आयोगाच्या कार्यालयात छापील संचही द्यावे लागले. आठवड्याने त्रुटी निघाल्या: पानांवर क्रमांक नाहीत, एका प्रतिज्ञापत्रावर नोटरीचा शिक्का राहिलाय, आणि सामनेवाल्याचा (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा, म्हणजे ठेकेदाराचा) संच अस्पष्ट आहे. काउंटरवरच्या बाईंनी मला त्यांच्याकडचा एक नीट लावलेला संच दाखवला, तो पाहून मी माझा पुन्हा लावला. झेरॉक्सवाल्याकडे न देता पानांवर क्रमांक स्वतः हाताने घाला. युक्तिवादाच्या दिवशी कुठल्या पानावर काय आहे हे तोंडपाठ असतं.

मध्ये विधानसभेची निवडणूक आली, 20 नोव्हेंबरला माझी ड्यूटी होती. 26 नोव्हेंबरला तक्रार दाखल करून घेण्यावर सुनावणी झाली. फार तर सात मिनिटं. मी उभी राहिले तेव्हा पाय थरथरत होते. वर्गात चाळीस मुलांपुढे रोज बोलणारी मी, तिथे आवाज फुटेना. अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, "तुमचं म्हणणं काय?" मी घटनाक्रमाचा कागद पुढे केला आणि त्यावरूनच सांगितलं. दाखल झाली, नोटीस काढायचा आदेश झाला. पहिल्याच दिवशी माणूस गोंधळतो, म्हणून एका पानावर तारखा लिहिलेल्या असू द्या.

नोटीस 16 डिसेंबरला बजावली गेली. सामनेवाल्याला उत्तरासाठी 30 दिवस, आणि आयोगाने वाढवून दिले तर आणखी 15, त्यापुढे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये हे स्पष्ट केलेलं आहे. मी कॅलेंडरवर 30 जानेवारीला गोल केला. त्याच्या वकिलाने 28 तारखेला, 43 व्या दिवशी उत्तर दिलं. त्यात लिहिलं होतं की सोलर हीटर बसवताना आम्हीच गच्चीला भोकं पाडली, म्हणून गळती. वाचून डोकं सुन्न झालं. ज्याला मी वर्षभर "दादा, तेवढं बघा ना" म्हणत होते, त्याने आमच्यावरच उलटवलं होतं. दोन रात्री झोप आली नाही. मग आईनेच आठवण केली की सोलर 2019 चा आहे. त्याचं बिल सापडलं, आणि त्याचं स्टँड गच्चीला न भोसकता विटांच्या ठोकळ्यांवर बसवलंय हे इंजिनिअरच्या अहवालातल्या फोटोतही दिसत होतं. कुठलंही बिल फेकू नका, सहा वर्षांपूर्वीचंही नाही.

फेब्रुवारीत मध्यस्थीचा पर्याय विचारला गेला. मी हो म्हटलं, कारण वर्षानुवर्षं खेटे घालायची हौस कुणालाच नसते. तो 30 हजार द्यायला तयार होता. छताची सळईसुद्धा त्यात झाली नसती, मी नकार दिला.

मार्चमध्ये पुराव्याचं प्रतिज्ञापत्र दिलं, आणि मग खरा पेच पडला. आणखी एक पावसाळा आई हॉलमध्ये काढणार का? तिला दमा आहे, ओलीचा वास तिला सोसत नाही. काकांच्या सल्ल्याने मी आयोगात पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दिली: अहवाल आणि फोटो रेकॉर्डवर आहेत, पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती करत आहोत, सामनेवाल्याला पाहणी करायची असल्यास पंधरा दिवसांत करावी. प्रत त्याच्या वकिलाला दिली. पाहणीला कुणी आलं नाही.

एप्रिलमध्ये दुसऱ्या गवंड्याला काम दिलं, 1 लाख 52 हजार. कर्ज पतसंस्थेतून काढलं. या वेळी मी सुट्टीच्या दिवसांत काम लावलं आणि रोज गच्चीवर उभी राहिले. दोन पानांचा करार केला: जुना कोबा काढून झाल्यावर फोटो, मग पहिला हप्ता. नवा कोबा झाल्यावर पाणी साठवून 72 तास परीक्षा, मग दुसरा. सगळे पैसे बँकेतून. गवंडी वयस्कर होता, कराराला मुळीच नाराज झाला नाही. "ताई, माझं काम चांगलं आहे, कागदाला मी का घाबरू?" असं म्हणून त्याने सही केली. 10 मेला काम संपलं. 2025 ला पाऊस मे महिन्यातच येऊन धडकला, थोडा जरी उशीर झाला असता तरी सगळं ओलं राहिलं असतं.

पुढच्या तारखा पटकन सांगते. जूनमध्ये ठेकेदाराचा पुरावा, जुलैत लेखी युक्तिवाद, ऑगस्टमध्ये तोंडी. जानेवारी 2025 पासून ई-जागृती हे नवं पोर्टल आलं होतं, त्यावर तारखा बघता येत आणि एकदा व्हिडिओवरूनही हजर राहता आलं. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, आम्हाला तक्रार दिल्यापासून अकरा महिने लागले. 22 सप्टेंबर 2025 ला आदेश झाला: सेवेत त्रुटी सिद्ध, 1 लाख रुपये तक्रारीच्या तारखेपासून 9 टक्के व्याजाने परत, मानसिक त्रासाचे 15 हजार, खर्चाचे 5 हजार, प्रत मिळाल्यापासून 45 दिवसांत. रोख दिलेले 26 हजार मिळाले नाहीत. पुरावा नव्हता, आणि आयोगाने ते तसंच लिहिलं. बरोबरच लिहिलं.

45 दिवस गेले, पैसे आले नाहीत. अपील झालं का तेही पाहिलं, झालं नव्हतं. त्यासाठी आदेशाची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. 17 नोव्हेंबरला वसुलीच्या दरखास्तीचा (आदेशाची अंमलबजावणी मागणाऱ्या अर्जाचा) मसुदा तयार केला आणि त्याची प्रत ठेकेदाराच्या वकिलाला पाठवली. आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान 25 हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, हे ग्राहक कायद्याचं कलम 72 त्यात लिहिलेलं होतं. दोन आठवड्यांनी 1 लाख 30 हजार 233 रुपयांचा ड्राफ्ट आला.

माझा खर्च असा झाला: इंजिनिअरचे 6 हजार, नोटरी आणि झेरॉक्स मिळून 1,900 च्या आसपास, पोस्ट दीडशेच्या आत. एसटीत महिलांना अर्धं तिकीट असल्याने एका फेरीला जाऊन-येऊन शंभराच्या आत. सात किरकोळ रजा. वकिलाचे शून्य. दुरुस्तीच्या कर्जाचे हप्ते अजून दीड वर्ष आहेत.

ड्राफ्ट बँकेत भरून घरी आले तेव्हा आई दारातच होती. रक्कम ऐकून तिने एवढंच विचारलं, "आपलं खरं होतं असं लिहिलंय ना त्यात?" मी आदेशाचं शेवटचं पान वाचून दाखवलं. ती आता पुन्हा तिच्या खोलीत झोपते. वडिलांची पेटी मात्र अजून हॉलमध्येच आहे. मी दोनदा विचारलं, हलवू का म्हणून. ती म्हणते, "राहू दे, आणखी एक पावसाळा बघू."